मागच्या खुर्चीतले अण्णा

बंगळूरच्या जे. पी. नगरात राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, आपला घरमालक काही बरा माणूस नाही.

झालं असं, मी कोपऱ्यावर भाजी आणायला निघाले. पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडते तर घरमालक आपले माझ्या मागून. बरं, मागून म्हणजे सरळ मागून नव्हे. रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, थोडं अंतर राखून. मी थांबले की ते थांबायचे. मी भाजीवालीशी घासाघीस करत होते तेव्हा ते औषधांच्या दुकानाशी उभे. नजर माझ्याकडं नाही, माझ्या पाठीमागच्या रस्त्याकडं. परत निघाले तर पुन्हा तसंच. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "अहो, दुसरी जागा बघा. म्हातारा पाळतीवर असतो." हे जन्मभर विमानाच्या कारखान्यात नोकरी केलेले, शांत माणूस. म्हणाले, "त्यांच्या बायकोलाच विचार की, काय ते."

मग मी खाली गेले. मालकीणबाई, म्हणजे आमच्या अक्का, धारवाडकडच्या. पायरीवर बसून घेवडा निवडत होत्या. मला आडवळणानं बोलता येत नाही, होतं ते सांगून टाकलं. अक्का इतक्या हसल्या की मांडीवरचं ताट कलंडलं.

"अय्यो, तुमच्या मागनं आले होय? म्हणजे पसंत पडलात म्हणा की तुम्ही! लग्न झाल्यापासनं हा माणूस माझ्या पुढं कधी चालला नाही बघा. सप्तपदीला भटजी ओरडून दमले, 'अहो नवरदेव, पुढं व्हा, पुढं व्हा!' सरी, बिडी. आमच्या कन्नडात म्हणतात तसं, सोडून द्या. सवय होईल."

सवय झाली. नुसती सवय नाही, पुढं पुढं तर मी एकटी बाहेर पडले आणि मागं त्यांच्या चपला घासल्याची चाहूल नसली की मलाच चुकल्यासारखं व्हायचं. त्यांना मी अण्णा म्हणू लागले. गल्लीतले सगळेच म्हणत. बेळगावचे होते. बुटके, वाळकुडे, आणि मान मात्र कासवासारखी लांब. ती मान एक क्षण स्वस्थ नसे. डावीकडून मागं, उजवीकडून मागं, वर, पुन्हा डावीकडं. मान कॉलरला घासते म्हणून गळ्याला अक्कांच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा गुंडाळलेला. एप्रिलच्या उन्हातसुद्धा. कुणी हसलं तर म्हणायचे, "बायकोचा पदर आहे ओ. घरात सोडत नाही, बाहेर तरी कशाला सोडू?"

अण्णा हवाई दलात लढाऊ विमान चालवायचे, हे मला अक्कांनी सांगितलं. मला तोवर वाटायचं विमान चालवणारा म्हणजे उंचापुरा, गोरा, मिशीवाला. ह्यांना बघून बँकेतून रिटायर झालेला कारकून वाटावा. आमचे हे म्हणाले, "तशीच माणसं लागायची त्या विमानाला. एवढुसं होतं ते. त्यात बसायचं नसतं, कोटासारखं अंगात घालायचं असतं."

गच्चीवर मी पापड वाळत घालायची तेव्हा अण्णांचा एक विधी चालायचा. सकाळी उन्हाकडं तोंड करून उभे राहायचे, एक डोळा मिटायचा, हात लांब करून अंगठ्यानं सूर्य झाकायचा आणि अंगठ्याच्या आजूबाजूला बघायचं. मला आधी वाटलं, हाही सूर्यनमस्काराचाच काही प्रकार असेल, बेळगावकडचा. एकदा विचारलंच.

"हे काय करता हो अण्णा?"

"सूर्यात कोण लपलंय काय बघतो."

"सूर्यात?"

"मारायला येणारा नेहमी उन्हातनं येतोय, वैनी. उन्हाकडं कोण बघतंय? डोळे दिपतात. म्हणून अंगठा लावायचा आणि कडेनं बघायचं."

"आणि आता कोण येणार आहे जे. पी. नगरात?"

"आज कोण नाही," ते अगदी मनापासून म्हणाले, जसं काही मी दूधवाल्याबद्दल विचारलं होतं. मग माझे पापड बघत म्हणाले, "हे काय, उडदाचे? एक कच्चाच द्या की."

लढाईचं विचारलं की मात्र हा बोलका माणूस गप्प. पंधरा ऑगस्टला आमच्या गल्लीतली मंडळी झेंडा लावायला त्यांनाच बोलवायची. ते जायचे, दोरी ओढायचे, वर बघून म्हणायचे, "छान फडकतोय. आता लाडू घ्या." झालं भाषण. एका वर्षी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी, पुण्याहून आलेली दोन-तीन मुलं तिथं होती. त्यातल्या एकानं मोबाइल पुढं धरून विचारलं, "अंकल, तुम्ही टोटल किती विमानं पाडली?"

"एक पण नाही."

मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे, वॉरमध्ये असून?"

"होय की. वॉरमध्ये असून," अण्णा म्हणाले आणि लाडवाचं ताट त्याच्यापुढं धरलं. "दोन घे. तू पण सकाळधरनं काय पाडलं नसशील."

सगळे हसले. मीही हसले. आणि खरं सांगते, त्या दिवशी माझ्याही मनात आलं होतं, अरे, म्हणजे हा माणूस नुसताच होता तर तिथं.

ते नुसते काय होते, ते मला त्यांनी एकदा पायरीवर बसून शेंगा सोलता सोलता समजावलं. लढाऊ विमान एकटं जात नाही. जोडीनं जातं. पुढचा तो लीडर. कुठं वळायचं, कुणावर जायचं, सगळं तो ठरवणार. मागचा, थोडा बाजूला, तो नंबर टू. त्यानं शिकार करायची नाही. त्यानं लीडरची पाठ बघायची. लीडर पुढच्या विमानावर नजर लावून बसलेला असतो, त्याच्या पाठीवर कोण येतंय हे त्याला दिसत नाही. ते टूनं बघायचं, आणि बघून सांगायचं. काही नसलं तरी सांगायचं, पाठ साफ आहे म्हणून. टूनं 'वळा' म्हटलं की लीडर कितीही मोठा असो, का म्हणून विचारत नाही. वळतो.

"म्हणजे पाठराखीण," मी म्हटलं.

"काय?"

"नव्या नवरीबरोबर सासरी पाठवतात ती. तिला ना मान ना आहेर. नवरीला परकं वाटू नये म्हणून मागं बसून राहायचं."

अण्णांना ते इतकं आवडलं की हातातल्या शेंगा खाली ठेवून त्यांनी आत हाक मारली, "अगं ए, ऐकलंस काय? मी पाठराखीण होतो म्हणे सरकारची!" आतून अक्का म्हणाल्या, "मग लुगडं नेसा." पुढं कित्येक दिवस ते फोनवर आपल्या जुन्या मित्रांना हेच सांगत होते.

आता गुरुवारचं सांगते.

माझी लेक महादेवपुऱ्यात राहते. दर गुरुवारी मी तिच्याकडं जायची. अण्णांचे जुने लीडरही तिकडंच, एका उंच इमारतीत, मुलाकडं राहायला आलेले. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, गाडी चालवायला अक्कांनी बंदी घातलेली. तेव्हा लेक जी कॅब पाठवायची तिच्यातून आम्ही दोघं जायचो. मी मागं, आणि अण्णाही मागंच, पण तिरके बसलेले, पाठ दाराला टेकवून, नजर मागच्या काचेतून. कॅबवाला पहिल्यांदा घाबरला. "कोई पीछा कर रहा है क्या, साब?" त्याला काय सांगणार!

एकदा अण्णा म्हणाले, "वैनी, आज वर या की माझ्याबरोबर. साहेब काही खात नाहीत म्हणे. तुमची थालीपीठं आहेत नव्हं डब्यात? नागपूरकडचे आहेत, मराठी चव कळती त्यांना."

गेले. उंच मजला, मोठी खिडकी, खिडकीत आभाळच आभाळ. तिच्यासमोर हातांची आरामखुर्ची, आणि तीत साहेब. अजूनही धिप्पाड. स्मरण गेलेलं. मुलाला ओळखत नव्हते, सुनेला नर्स समजत. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेले आणि खिडकीकडं बघत पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "टू, कुठं आहेस? टू, उत्तर दे."

सून पुण्याची, घरूनच काम करायची, कानात ते यंत्र अडकवलेलं. डोळ्यांखाली काळं झालेलं. मला हळूच म्हणाली, "काकू, दिवसभर हेच चालू असतं. ना झोपतात, ना जेवतात. डॉक्टर म्हणाले, हे असंच राहिलं तर नळीनं भरवावं लागेल. अंकल आले की तेवढं जरा बरं असतं."

अण्णा एव्हाना एक स्टूल घेऊन साहेबांच्या खुर्चीमागं जाऊन बसले होते. मागं, उजव्या हाताला, दोन हात अंतर सोडून. जिथं मी त्यांना रस्त्यात पाहत आले होते, अगदी तिथं.

"टू, कुठं आहेस?"

"मागं उजवीकडं, सर," अण्णा म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. तरुण होता, कोरडा, झटकन बोलणारा. "पाठ साफ."

साहेबांचे खांदे खाली आले. मी बघितलंय म्हणून सांगते, हिवाळ्यात अंगावर कुणी शाल टाकावी तसे खाली आले. खुर्चीच्या हातावरची बोटं सुटली. सुनेनं पटकन थालीपीठाचा तुकडा लोण्यात बुडवून तोंडापुढं धरला, तो त्यांनी खाल्ला. दुसरा खाल्ला. मध्येच "टू?" म्हणाले, अण्णांनी "पाठ साफ" म्हटलं, की तिसरा. असं अख्खं थालीपीठ गेलं. सून तोंड वळवून उभी राहिली.

आणि हे दर गुरुवारी. मग गुरुवारसोबत सोमवारही झाला. मग बुधवार. साहेबांचं काय, अण्णा उठून गेले की तासाभरात पुन्हा "टू, कुठं आहेस?" त्यांना कालचं आठवत नव्हतं, सकाळचं आठवत नव्हतं. तेवढी एक गोष्ट मात्र घट्ट राहिली होती.

त्या बिचाऱ्या सुनेच्या हातून एक चूक झाली. चूक तरी कसं म्हणू, चांगुलपणाच तो. आपल्यात पाहुण्याला पाठीमागं स्टुलावर बसवतात का? एका गुरुवारी आम्ही गेलो तर तिनं साहेबांच्या पुढ्यात छान खुर्ची मांडलेली, टीपॉयवर पोह्यांच्या बश्या. "अंकल, आज प्लीज समोर बसा. दर वेळी मागे स्टुलावर बसता, मला इतकं ऑकवर्ड होतं. बाबांनाही तुमचा चेहरा दिसेल ना." अण्णा नको नको म्हणत होते, तिनं हाताला धरून बसवलं.

साहेबांनी डोळे बारीक करून बघितलं. "हा म्हातारा कोण?"

"बाबा, तुमचे टू आहेत ना हे."

"टू?" साहेब उठायला लागले. "हा टू? माझा टू चोवीस वर्षांचा पोरगा आहे! काय केलं तुम्ही त्याचं? कुठं आहे तो? काढा ह्याला बाहेर!" हाताच्या एका फटक्यात पोहे भिंतीवर. एवढा धिप्पाड माणूस आणि लहान मुलासारखा रडायला लागला. अण्णा धावत मागं गेले, "मागं उजवीकडं, सर, पाठ साफ," म्हणत राहिले, पण त्या दिवशी साहेबांनी ऐकलंच नाही. तो सगळा आठवडा त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. सून फोनवर रडायची.

परतीच्या कॅबमध्ये मी न राहवून म्हटलं, "अण्णा, एवढं आहे तरी काय हो हे? का विचारतात ते सारखं?"

रिंग रोडवर गाड्या तुंबलेल्या. पुढं हलायचं नाव नाही. अण्णा मागच्या काचेतून बघत होते. माझ्याकडं न बघताच बोलायला लागले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"डिसेंबरची सकाळ होती, वैनी. आम्ही दोघं गस्त घालून परत येत होतो. तेल संपत आलेलं. आमच्या तळावर खाली विमानं ओळीनं उभी, त्यांच्यात तेल भरत होते, पोरं विमानाच्या पोटाखाली काम करत होती. आणि रेडिओवर आलं, पलीकडनं येतायत, पुष्कळ येतायत. तुम्ही दोघं इकडं येऊ नका, दुसऱ्या तळावर जा."

"पुष्कळ म्हणजे किती?"

"साहेब रेडिओवर सहा म्हणाले. कोण आठ म्हणतंय. मी मोजले नाहीत. मोजायला पुढं बघावं लागतंय." मग थोडं थांबून, "साहेबांनी मला विचारलं, टू, तेल किती आहे? मी बटण दाबलं, सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मला कळलं. माझं त्यांना काही ऐकू जात नाही. रेडिओ अर्धा मेलेला. ऐकू सगळं येत होतं. बोलता येत नव्हतं."

मी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला.

"अशा वेळी काय करायचं ठरलेलं असतंय. पुढं जायचं, लीडरला दिसेल असं, आणि पंख हलवायचे. मग लीडरनं सगळं सोडून त्याला घेऊन परत जायचं. नियमच आहे. मुका टू काय कामाचा? मी पुढं गेलो असतो तर साहेबांना माझ्याबरोबर परत फिरावं लागलं असतं. आणि खाली ती पोरं होती."

"मग?"

"मग काय. पुढं गेलो नाही. मागंच राहिलो."

गाडी जराशी पुढं सरकली, पुन्हा थांबली. अण्णा म्हणाले, "माझं सोडा. मला साहेब दिसत होते, त्यांच्या मागं येणारे दिसत होते. साहेबांचं बघा. ते विचारतायत, टू, आहेस काय? मागनं एक शब्द नाही. त्यांना काय वाटलं असेल? टू पडला, नाहीतर घाबरून पळाला. आपली पाठ उघडी आहे. एकट्यानं एवढ्यांच्या अंगावर जायचं. ते एकदा म्हणाले, 'ठीक आहे.' एवढंच. आणि वळले, त्या घोळक्यातच शिरले. सरळ. मान वळवून मागं बघितलं नाही. बघून करणार काय?"

पुढचं त्यांनी फार थोडक्यात सांगितलं, मीच खोदून खोदून काढलं. साहेब मध्ये घुसले तशी समोरच्यांची ओळ फुटली. बाँब टाकायला सरळ यावं लागतं, साहेब त्यांना येऊ देईनात. एकामागं लागले, सोडलं, दुसऱ्यामागं. बाँब उसाच्या फडात पडले. तळावरच्या एकाही पोराला खरचटलं नाही. पण त्या घोळक्यातले दोघं साहेबांच्या पाठीवर आले. एरवी टूनं ओरडायचं, 'वळा!' अण्णा ओरडले. तोंडावरच्या ऑक्सिजनच्या मुखवट्यात ओरडत राहिले, आणि कानात साहेबांचा आवाज, "टू, कुठं आहेस? टू, उत्तर दे."

"मग काय केलंत?"

"सांगता येईना, मग दाखवलं," अण्णा म्हणाले. "त्या दोघांच्या आणि साहेबांच्या मध्ये आडवा गेलो. त्यांना मी दिसायला हवा होतो. साहेबांवर मारायचं ते माझ्यावर मारायला लागले. मग त्यांना घेऊन गेलो लांब, कालव्याच्या वरनं, खाली खाली. झाडांना लागून. ते कंटाळून गेले परत. त्यांना पण तेलाची काळजी असतीच की."

कंटाळून गेले म्हणे! कुणी दारावर आलेला सेल्समन असावा तसं. आमच्या ह्यांनी नंतर मला सांगितलं, त्या चिमुकल्या विमानाला भोकं किती पडली असतील आणि तशा अवस्थेत झाडांना लागून उडणं म्हणजे काय. सांगता सांगता ह्यांनी चष्मा काढला. "रेडिओ बंद पडला की परत यायचं असतं," हे म्हणाले. "कुणी नाव ठेवलं नसतं त्यांना. कुणीही नाही." ह्या माणसाच्या खोलीवर आपण राहतो, त्याच्याकडं पाण्याच्या मोटारीवरून तक्रार करतो, ह्याचीच मला एकदम लाज वाटायला लागली. ज्या माणसानं एकही विमान पाडलं नाही, त्याच्यापुढं मान आपोआप खाली जायला लागली.

तर अण्णा कुठल्यातरी जुन्या कच्च्या धावपट्टीवर उतरले, आणि उसाच्या ट्रॅक्टरवर बसून संध्याकाळी तळावर पोचले. इकडं साहेब कधीच उतरले होते. पण विमानातून खाली येईनात. जेवायला नाही, चहाला नाही. तसेच आत बसून, रेडिओ चालू ठेवून हाका मारत राहिले. "टू, कुठं आहेस?" बॅटरी संपेपर्यंत.

"तुम्ही आलात तेव्हा काय म्हणाले?"

"काही नाही. बघितलं माझ्याकडं. आत जाऊन तोंड धुऊन आले." अण्णांनी गळ्यातला फडका सारखा केला. "दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. नंतर तो विषय कधी निघाला नाही. दोघांनी पण काढला नाही. आणि आता बघा, सगळं विसरले. बायको विसरले, मुलं विसरले. ती एक हाक राहिली आहे. तेव्हा ऐकू येत होतं आणि बोलता येत नव्हतं मला. आता बोलता येतंय, तर बोलायला नको काय?"

त्यानंतर अण्णा रोज जायला लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं, अक्का चिडल्या, तरी रोज. नळीची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. आठवडाभराचा तो रुसवा त्यांनी मागच्या स्टुलावर बसूनच काढला, "पाठ साफ, सर," म्हणत म्हणत. साहेब हळूहळू पुन्हा खायला लागले.

आणि एका गुरुवारी मी तिथं असताना जे झालं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. साहेब आमटी-भात खात होते. अण्णा मागं. साहेबांनी विचारलं, "टू?"

"मागं उजवीकडं, सर."

साहेब घास चावायचे थांबले. खिडकीकडं बघतच म्हणाले, "समोर ये."

सुनेच्या हातातला चमचा तसाच राहिला. ती मानेनंच अण्णांना नाही नाही म्हणत होती. पोहे भिंतीवर उडालेले तिला दिसत असणार. अण्णांचा चेहरा मी पाहिला. एवढा सूर्यात डोळे घालणारा माणूस, घाबरला होता. पण लीडरनं बोलावलं. ते उठले. स्टुलाला धरून उठले, भिंतीभिंतीनं आले आणि साहेबांच्या पुढ्यात ताठ उभे राहिले.

साहेब बघत होते. बराच वेळ. गळ्यातल्या फडक्याकडं, मोतीबिंदूच्या डोळ्यांकडं, टकलाकडं.

"केस कुठं गेले रे तुझे?"

"गेले, सर."

"म्हातारा झालास."

"होय, सर."

साहेबांनी हात पुढं केला आणि अण्णांच्या मनगटाला धरलं, नाडी बघतात तसं. "म्हणजे आलास तू परत."

"आलो, सर," अण्णा म्हणाले. तो तरुण कोरडा आवाज आता नव्हता. "तुमचं सगळं ऐकू येत होतं मला, सर. सगळं. बोलता येत नव्हतं."

"मला वाटलंच," साहेब म्हणाले. "कुणीतरी होतं मागं." आणि भात मागितला. आपल्या हातानं खाल्ला.

घरी येताना कॅबमध्ये मी रडत होते, अण्णा नव्हते. ते मागच्या काचेतून बघत होते आणि मध्येच कुठलंतरी जुनं गाणं गुणगुणत होते, बेसूर. मला वाटलं, सुटला बाई हा माणूस. सुटले दोघंही.

पुढच्या दिवशीची बातमी सुनेनंच फोनवर दिली. साहेब पहाटे उठून बसले होते, खुर्चीचे हात घट्ट धरून. "टू, कुठं आहेस? टू, उत्तर दे." कालचं काहीच नव्हतं राहिलेलं. कालचा अण्णांचा चेहरा नाही, मनगट नाही, भात नाही.

मी खाली धावले. अण्णा पायरीवर बसून चपला घालत होते. त्यांना कळलेलं होतं. एवढं करून पुन्हा पहिल्यापासून! मी पुटपुटले, "अण्णा, कालचं सगळं फुकट गेलं हो."

"फुकट कसलं, वैनी?" त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर दुःख शोधून सापडलं नसतं. उलट कामाला निघालेल्या माणसाची घाई होती. "पाठ एकदा बघून भागतंय होय? आत्ता साफ आहे, म्हणून सांगायचं. थोड्या वेळानं पुन्हा बघायचं, पुन्हा सांगायचं. खाली उतरेपर्यंत हेच काम असतंय." आणि उठता उठता आत बघून ओरडले, "अगं, डबा दे लवकर. साहेब वर थांबलेत."